मदत हवी आहे: वॉशिंग्टन डीसीमध्ये चार्टर शाळा की घराजवळची सरकारी शाळा?

नमस्कार.

आम्ही वॉशिंग्टन डीसीच्या पेटवर्थ भागात राहतो. मोठी लेक घरापासून सात मिनिटांच्या अंतरावरील सरकारी शाळेत 'पीके-४'च्या, म्हणजे चार वर्षांच्या मुलांच्या वर्गात आहे आणि येत्या ऑगस्टमध्ये किंडरगार्टनला जाईल. धाकट्याला ३० सप्टेंबरच्या आत तीन वर्षे पूर्ण होतात, त्यामुळे तो 'पीके-३'साठी पात्र आहे. दोघांच्या अर्जांची मुदत मार्चच्या सुरुवातीला संपते. अर्जात बारापर्यंत शाळा पसंतीच्या क्रमाने देता येतात, आणि त्या यादीत पहिले नाव कोणते लिहावे याचा निर्णय दोन महिने बोलूनही आमच्याकडून होत नाही.

हा प्रकार ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. चार्टर शाळा ही खासगी शाळा नव्हे. तिला फी नसते, प्रवेशपरीक्षा नसते, आणि तिचा खर्च शहर दर विद्यार्थ्यामागे ठरलेल्या रकमेने देते. मात्र ती चालवते एक स्वतंत्र, नफा न कमावणारी संस्था. पुण्याला आईला समजावताना मी अनुदानित शाळेचे उदाहरण दिले आणि ते बऱ्याच अंशी लागू पडते. फरक असा, की इथल्या संस्थेला शहराच्या चार्टर शाळा मंडळाकडून पंधरा वर्षांची सनद मिळते, निदान दर पाच वर्षांनी तिची तपासणी होते, आणि शिक्षणाचा दर्जा किंवा आर्थिक स्थिती ढासळली तर मंडळ ती सनद काढून घेऊ शकते. शहरात या शाळा १९९६ पासून आहेत आणि सरकारी खर्चाने शिकणाऱ्या मुलांपैकी आज जवळपास निम्मी मुले त्यांत जातात.

बहुतेक सगळे प्रवेश 'माय स्कूल डीसी' या एकाच सोडतीतून होतात. आई लगेच म्हणाली, "म्हणजे आपल्या आरटीईसारखेच की!" सोडत तशीच आहे खरी, पण आरटीईत खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी असतात, इथे चार्टर शाळेच्या सगळ्या जागा शहरात राहणाऱ्या कोणालाही खुल्या असतात आणि घर जवळ असण्याला काहीही महत्त्व नसते. सरकारी शाळेचे याच्या उलट आहे. किंडरगार्टनपासून पुढे आपल्या हद्दीतील शाळेत प्रवेशाचा हक्कच असतो, त्यामुळे लेकीची जागा सोडतीत काहीही झाले तरी सुरक्षित आहे. धाकट्याला मात्र 'पीके-३'साठी सरकारी शाळेतही सोडतीतूनच जावे लागेल. घर हद्दीत आणि बहीण त्याच शाळेत, अशी दोन्ही प्राधान्ये असल्याने तिथे त्याला जागा मिळेल असे वाटते.

इतके सरळ असताना आम्ही दुसरीकडे का पाहतो आहोत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आताच्या शाळेबद्दल आमची तक्रार नाही. लेकीच्या बाई अतिशय मायाळू आहेत आणि तिच्या मैत्रिणी याच दोन-तीन गल्ल्यांत राहतात. पण 'यू यिंग' ही चार्टर शाळा पाहून आल्यापासून ती माझ्या मनातून जात नाही. तिथे प्राथमिक वर्गांत एक दिवस चिनी आणि एक दिवस इंग्रजी असे शिकवतात. २०१४ मध्ये काही द्विभाषक चार्टर शाळांनी मिळून सुरू केलेल्या 'डीसी इंटरनॅशनल' या सहावी ते बारावीच्या शाळेत पुढे तिथल्या मुलांना प्राधान्य मिळते. आमच्या भागात पाचवीनंतर काय, हा प्रश्न प्रत्येक घरात असतो आणि कित्येक कुटुंबे त्याच सुमारास मेरीलँड किंवा व्हर्जिनियात घर घेतात. मला हे शहर सोडायचे नाही, त्यामुळे बारावीपर्यंतचा रस्ता आजच दिसतो आहे याचे मोल मला फार वाटते.

अडचण दोन मुलांच्या वयांतील फरकामुळे येते. द्विभाषक शाळांत बहुतेक नव्या जागा 'पीके-३'ला असतात. किंडरगार्टनपर्यंत तीच मुले वर चढत येतात आणि एखाददुसरीच जागा रिकामी होते. म्हणजे धाकट्याला संधी आहे, लेकीला जवळजवळ नाही. भावाला जागा मिळाली तर बहिणीला भावंड म्हणून प्राधान्य मिळते, पण जागाच नसेल तर त्या प्राधान्याने प्रतीक्षायादीतील क्रमांक तेवढा वर जातो. तिचा नंबर लागलाच, तर दोन वर्षे चिनी ऐकलेल्या मुलांमध्ये ती भाषेचा गंध नसताना जाऊन बसेल. आता कुठे ती वर्गात मोकळेपणाने बोलू लागली आहे, आणि त्याच वेळी तिला पुन्हा मुकी करून टाकायची कल्पना मला सहन होत नाही.

माझ्या पतींची काळजी वेगळी आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शहरातील एक चार्टर शाळा वर्ग सुरू होण्याच्या अगदी तोंडावर बंद झाली आणि शेकडो पालकांना काही दिवसांत दुसरी शाळा शोधावी लागली. हद्दीतील शाळेचे असे होणार नाही, हा त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही.

तेव्हा ज्यांनी डीसीत हे सारे केले आहे त्यांना माझे विचारणे असे: भाऊ एका शाळेत आणि बहीण दुसऱ्या, असे एखादे वर्ष आपण काढले असल्यास ते कसे निभावले? मूल किंडरगार्टनला किंवा पहिलीला द्विभाषक शाळेत घातले असेल, तर त्याला रुळायला किती काळ लागला? आणि घरी मराठी, शाळेत चिनी व इंग्रजी असताना मराठी टिकली का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपण इतरत्र राहत असलात तरी कृपया द्या.

प्रतिसाद

माझी दोन्ही मुले या सोडतीतून गेली आहेत, त्यामुळे अनुभवाचे तेवढे लिहिते. यादीचा क्रम लावताना 'इथे मिळणे कठीण, म्हणून खाली टाकू' असा हिशेब मुळीच करू नका. ही पद्धत ज्या संशोधनावर उभी आहे त्याला २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि तिचे वैशिष्ट्यच असे की खरी पसंती लिहिणाऱ्याचे त्यात नुकसान होत नाही. मात्र एक लक्षात ठेवा: जी शाळा मिळते तिच्याखाली लिहिलेल्या शाळांच्या प्रतीक्षायादीतून नाव निघते, वरच्या शाळांच्या यादीत राहते. म्हणून जिथे खरोखर पाठवणार नाही ती शाळा हद्दीतील शाळेच्या वर चुकूनही लिहू नका.

शाळा बंद पडण्याच्या भीतीवर उपाय आहे, तो म्हणजे कागद वाचणे. चार्टर मंडळ प्रत्येक शाळेच्या आर्थिक स्थितीचा अहवाल प्रसिद्ध करते. हाती शिल्लक किती, पटसंख्या घटते आहे का आणि सनदेची पुढची तपासणी कधी, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. शाळा पाहायला जाल तेव्हा दर वर्षी किती शिक्षक सोडून जातात हेही विचारा. भिंतीवरील चित्रांपेक्षा त्या उत्तरातून अधिक समजते.

दोन शाळांचे वर्ष आम्ही काढले. सर्वसाधारण मुलांना इथे शहराची पिवळी बस नाही, आणि दोन्ही शाळा पंधरा मिनिटांच्या फरकाने भरत. आम्ही दोघांनी एकेक मूल वाटून घेतले, तरी पावसाच्या दिवशी कोणीतरी उशिरा पोहोचत असे. धाकटीला आपली शाळा आवडत होती, थोरला मात्र वर्षभर विचारत राहिला की मला तिथे का नेले नाही. त्याला आधी नीट सांगायला हवे होते, असे मला आजही वाटते. मराठीचे म्हणाल तर आमच्याकडे आजी होती म्हणून ती टिकली. शाळेची भाषा कोणती यापेक्षा घरी दिवसभर मराठी कोण बोलते यावर ते अवलंबून होते.

धागाकर्ती

मनापासून आभार. क्रमाविषयी माझा नेमका तोच गैरसमज होता आणि 'यू यिंग' मी तिसऱ्या क्रमांकावर टाकली होती. आर्थिक अहवाल आज रात्री आम्ही दोघे मिळून वाचू. लेकीशी काल बोलले. तिने एवढेच विचारले, की भाऊ दुसऱ्या शाळेत गेला तर दुपारी त्याला आणायला आपण दोघी जायचे का. आता धाकट्याच्या अर्जात 'यू यिंग' पहिली आणि हद्दीतील शाळा दुसरी लिहावी, लेकीच्या अर्जात फक्त 'यू यिंग' लिहावी, आणि तिचा नंबर पहिलीपर्यंत न लागल्यास तिला आहे तिथेच राहू द्यावे, इथवर आम्ही आलो आहोत. उन्हाळ्यात किंवा शाळा सुरू झाल्यावर प्रतीक्षायादीतून फोन आल्यास उत्तर द्यायला किती वेळ मिळतो, आणि सप्टेंबरमध्ये वर्ग बदललेल्या मुलाला ते कितपत जड गेले, हे कोणी सांगू शकेल का?