कंपनीकडून उमेदवाराला देणगी : कायद्याने किती आणि कशी देता येते?

यंत्रकाम (21 ऑक्टोबर 2024)

नमस्कार. पश्चिम महाराष्ट्रातील एका औद्योगिक वसाहतीत आमचा सुटे भाग तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. आम्ही दोघे भाऊ आणि एक चुलतभाऊ असे तिघे संचालक आहोत आणि कंपनी 2019 साली प्रायव्हेट लिमिटेड म्हणून नोंदवलेली आहे. येत्या 20 नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत आमचे जुने परिचित एका पक्षातर्फे उभे राहत आहेत. माणूस कामाचा आहे, तो निवडून यावा असे आम्हाला मनापासून वाटते आणि त्यासाठी पदरचे काही देण्याचीही तयारी आहे.

त्यांच्या कार्यालयातून तीन गोष्टी सुचवण्यात आल्या. कंपनीने 3 लाख रुपये द्यावेत, एका सभेचे मांडव आणि लाउडस्पीकरचे बिल आम्ही परस्पर भागवावे, आणि पक्षाच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात द्यावी. वडिलांचे म्हणणे असे की पूर्वीपासून रोखीनेच देत आलो, कागदोपत्री कशाला आणायचे. धाकट्या भावाचे म्हणणे असे की उमेदवाराला 40 लाखांची मर्यादा आहे, त्याअर्थी देणगीलाही काही मर्यादा असणारच. गेल्या तीन आर्थिक वर्षांत आमचा निव्वळ नफा अनुक्रमे 20, 22 आणि 30 लाख होता. शिवाय अमेरिकेत स्थायिक झालेले माझे मेहुणेही काही रक्कम पाठवू इच्छितात. यातले काय चालते आणि काय चालत नाही, हे जाणकारांनी सांगावे.

ताळेबंद (21 ऑक्टोबर 2024)

मी लेखापरीक्षणाच्या व्यवसायात आहे. आपण पैसे देण्याआधी विचारलेत हे फार बरे केले, कारण एरवी असे प्रश्न आमच्याकडे वर्षअखेरीस, व्यवहार होऊन गेल्यावर येतात आणि तेव्हा करण्यासारखे फारसे उरलेले नसते.

आपल्या भावाचा समज पुष्कळांचा असतो, परंतु 40 लाखांची मर्यादा देणाऱ्यावर नाही, उमेदवाराच्या खर्चावर आहे. महाराष्ट्रात 2022 पासून विधानसभेसाठी ती 40 लाख आणि लोकसभेसाठी 95 लाख आहे, तर गोव्यासारख्या लहान राज्यात हेच आकडे 28 आणि 75 लाख आहेत. एखाद्या नागरिकाने स्वतःच्या पैशातून पक्षाला किती द्यावे यावर आपल्याकडे कायद्याने कमाल मर्यादा घातलेलीच नाही. कंपनीची गोष्ट मात्र वेगळी आहे.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 182 नुसार कंपनीला लगतच्या तीन आर्थिक वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी देता येते. आपली सरासरी 24 लाख येते, म्हणजे एका आर्थिक वर्षात सगळे मिळून 1 लाख 80 हजार रुपये. (कलम 198 प्रमाणे काढलेला नफा ताळेबंदातील नफ्यापेक्षा थोडा निराळा निघू शकतो, तेवढे आपल्या सीएंकडून तपासून घ्यावे.) त्यामुळे 3 लाखांचा प्रस्ताव कंपनीपुरता बाद होतो. कंपनीला तीन आर्थिक वर्षे पूर्ण झालेली असणे बंधनकारक आहे, ती अट आपण पुरी करता. सरकारी कंपनीला तर देणगी देताच येत नाही.

स्मरणिकेतील जाहिरातीला लोक व्यवसायाचा खर्च समजतात आणि तिथेच फसतात. पक्षाने किंवा पक्षाच्या वतीने काढलेल्या स्मरणिकेतील जाहिरातीचा खर्च याच कलमाखाली देणगी म्हणून मोजला जातो, म्हणजे तोही त्या 1 लाख 80 हजारांतच बसला पाहिजे. आयकरासाठी व्यवसायाचा खर्च म्हणून त्याची वजावटही मिळत नाही. मांडवाचे बिल परस्पर भागवले तरी तो पैसा कोणत्या कामासाठी गेला हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे ती रक्कमही त्याच हिशेबात धरली जाण्याचा धोका आहे, कारण पक्षाला मिळणाऱ्या जनाधारावर परिणाम होईल असे काम करणाऱ्या व्यक्तीला जाणूनबुजून दिलेली रक्कमसुद्धा कायदा राजकीय देणगीच मानतो.

वडिलांचा सल्ला मात्र कृपया मानू नये. कंपनीने द्यायची रक्कम रेखांकित धनादेश, डिमांड ड्राफ्ट किंवा बँकेच्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारानेच द्यावी लागते. त्याआधी संचालक मंडळाच्या सभेत ठराव व्हावा लागतो आणि नफातोटा पत्रकात रक्कम व पक्षाचे नाव दाखवावे लागते. उल्लंघन झाल्यास कंपनीला देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि जबाबदार अधिकाऱ्याला तेवढ्याच दंडासह सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. तिघेच संचालक असलेल्या कंपनीत जबाबदार अधिकारी कोण, हे शोधत बसावे लागत नाही.

भरारी (22 ऑक्टोबर 2024)

मी बँकेत नोकरीला असताना एका निवडणुकीत खर्च सनियंत्रण पथकात कामाला होतो, म्हणून मांडवाच्या बिलाविषयी अधिक सांगतो. कायद्याच्या पुस्तकात जे एका ओळीत लिहिलेले असते ते प्रत्यक्षात कसे चालते, हे देणगीदारांना बहुधा माहीत नसते.

सभेला व्हिडिओ पथक जाते. रात्री कार्यालयात ते चित्रण थांबवत थांबवत पाहिले जाते आणि व्यासपीठाची लांबीरुंदी, खुर्च्या, कमानी, झेंडे, कर्णे, बाहेर उभ्या असलेल्या गाड्या यांची मोजदाद होते. जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी आधीच जाहीर केलेले दरपत्रक समोर असते. त्यात खुर्चीच्या एका दिवसाच्या भाड्यापासून चहा आणि नाश्त्याच्या ताटलीपर्यंत प्रत्येकाचा दर असतो आणि त्या दराने गुणून रक्कम छाया निरीक्षण नोंदवहीत लिहिली जाते. उमेदवाराकडेही स्वतःची नोंदवही असते. दैनंदिन खर्चाची पाने पांढरी, रोख रकमेची गुलाबी आणि बँकेची पिवळी. प्रचाराच्या काळात ती किमान तीन वेळा खर्च निरीक्षकांपुढे न्यावी लागते आणि तेव्हा दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताडून पाहिल्या जातात.

आता तुम्ही मांडववाल्याला परस्पर पैसे दिलेत, तर उमेदवाराच्या वहीत ती नोंद नसेल आणि आमच्या वहीत असेल. मग त्यांना नोटीस जाते. ‘हितचिंतकाने खर्च केला’ असे उत्तर दिल्याने तो खर्च उमेदवाराच्या खात्यातून वगळला जात नाही, कारण त्याच्या संमतीने दुसऱ्या कोणी केलेला खर्चही त्याचाच धरतात. संमती नव्हती असे म्हटले, तर खर्च करणारा अडचणीत येतो. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा असून दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच कलमात दहा रुपयांपर्यंतचा खर्च दहा दिवसांत लेखी मान्यता घेऊन नियमित करून घेण्याची सवलत आहे. दहा रुपयांची ही रक्कम जुन्या दंड संहितेतून तशीच पुढे आलेली आहे आणि आज तेवढ्यात एक फलकही लागणार नाही, तेव्हा त्या सवलतीचा तुम्हाला उपयोग नाही.

तुम्ही फ्लेक्स किंवा पत्रके छापून देण्याचा विचार करत असाल तर त्यावर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव व पत्ता असलाच पाहिजे. त्यापेक्षा, उमेदवाराने अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी जे स्वतंत्र बँक खाते उघडलेले असते त्यात पैसे घ्यावेत, आणि मांडववाल्याला त्यांनीच द्यावेत. एका व्यक्तीकडून दहा हजारांपेक्षा जास्त रोख रक्कम उमेदवाराने घ्यायची नाही, अशीही निवडणूक आयोगाची सूचना आहे.

विधीशिक्षण (22 ऑक्टोबर 2024)

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत. मी विधी महाविद्यालयात शिकवते आणि हा साडेसात टक्क्यांचा आकडा कुठून आला हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण याच वर्षी 15 फेब्रुवारीपर्यंत तो अस्तित्वात नव्हता आणि इंटरनेटवरचे पुष्कळसे जुने लेख आजही कंपन्यांना मर्यादा नाही असेच सांगतात.

या प्रश्नाची सुरुवात मुंबईतून झाली, असे म्हणता येईल. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता आणि 1957 साली ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नसल्यामुळे त्यांनी परवानगी दिली, परंतु ती देताना आपल्या मनाला वाटणारी अस्वस्थता त्यांनी निकालपत्रात नोंदवली, पैशाच्या बळाने लोकशाहीचे मूळच दूषित होण्याचा धोका दाखवला आणि संसदेने याकडे लक्ष द्यावे असे सुचवले. त्यानंतर 1960 मध्ये कंपनी कायद्यात पहिली मर्यादा आली, 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आली, आणि 1985 मध्ये ती उठवून सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा ठरली. 2013 च्या कायद्याने तिचे साडेसात टक्के केले.

2017 च्या वित्त कायद्याने ही मर्यादा काढून टाकली आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे सांगण्याचे बंधनही काढले. त्यामुळे तोट्यातील कंपनीलाही हवी तेवढी देणगी देण्याची मुभा मिळाली. त्यासोबत आलेल्या निवडणूक रोख्यांच्या योजनेत मार्च 2018 ते जानेवारी 2024 या काळात सुमारे 16,518 कोटी रुपयांचे रोखे विकले गेले आणि त्यातला कोणता पैसा कोणाकडून कोणाकडे गेला हे मतदाराला कळत नव्हते. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने योजनेसोबत कंपनी कायद्यातील तो बदलही घटनाबाह्य ठरवला. नफ्याशी संबंध नसलेली अमर्याद देणगी ही बहुतेक वेळा मोबदल्याच्या अपेक्षेने होणारी देवाणघेवाण असते आणि कंपनीला सामान्य नागरिकाच्या बरोबरीने वागवणे मनमानीचे आहे, हा त्या निकालातला युक्तिवाद मला पूर्णपणे पटतो. आपल्या 1 लाख 80 हजारांच्या मर्यादेमागे हा निकाल उभा आहे.

तरीही एक मोठी फट शिल्लक आहे आणि तिच्याबद्दल अधिक बोलले गेले पाहिजे, असे मला वाटते. 1974 साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्याच हिशेबात धरावा. त्याच महिन्यात अध्यादेश काढून आणि मागाहून कायदा करून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. 2003 च्या दुरुस्तीने ही सूट पुष्कळ आकुंचित केली आणि आता मुख्यतः मान्यताप्राप्त पक्षाच्या 40 प्रमुख प्रचारकांचा प्रवास तेवढा वगळला जातो. परंतु पक्षाने राज्यभर केलेल्या सर्वसाधारण प्रचारावर मर्यादा आजही नाही. उमेदवाराच्या खुर्च्या मोजल्या जातात, पण त्याच आठवड्यात पक्षाने सगळ्या वाहिन्यांवर दिलेल्या जाहिरातींची एकूण रक्कम कोणत्याही कमाल आकड्याला बांधलेली नसते. उमेदवारांवरची मर्यादा खऱ्या अर्थाने परिणामकारक व्हायची असेल, तर पक्षांच्या खर्चालाही कायद्याने मर्यादा घातलीच पाहिजे.

न्यूजर्सीकर (23 ऑक्टोबर 2024)

मेहुण्यांच्या प्रश्नामुळे लिहीत आहे, कारण हा प्रश्न इथल्या मराठी मंडळींत नेहमी निघतो. त्यांच्याकडे आजही भारतीय पारपत्र असेल तर ते भारतीय नागरिक आहेत आणि भारतातील पक्षाला देणगी देऊ शकतात. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे कार्ड) असूनही ते परदेशी नागरिक ठरतात, त्यांची देणगी विदेशी स्रोताची होते आणि 2010 च्या विदेशी योगदान नियमन कायद्याने ती पक्षालाही घेता येत नाही आणि उमेदवारालाही.

इथली रचना आपल्याकडच्या जवळजवळ उलट आहे. इथे देणाऱ्यावर मर्यादा आहे. इथल्या 2024 च्या निवडणुकीत एका व्यक्तीला संघीय उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीमागे 3,300 डॉलरपर्यंत देता येतात आणि प्राथमिक व अंतिम निवडणूक वेगवेगळी मोजतात. कंपनीला उमेदवाराला थेट देताच येत नाही, आणि संघीय सरकारचे कंत्राट असलेल्या कंत्राटदारालाही मनाई आहे. खर्चावर मात्र मर्यादा नाही, कारण 1976 च्या बकली खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने खर्चावरची मर्यादा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरोधात ठरवली. परिणामी, उमेदवारापासून स्वतंत्रपणे होणाऱ्या प्रचारावर अमाप पैसा ओतला जातो. तेव्हा इथले सगळेच अनुकरणीय आहे असे मी म्हणणार नाही, पण सरकारी कंत्राटदारावरची बंदी आपल्याकडे यावी असे मला तीव्रतेने वाटते. भारतात सरकारी कंपनीला मनाई आहे, मात्र सरकारकडून कोट्यवधींचे काम घेणाऱ्या खासगी कंपनीला अशी मनाई नाही.

यंत्रकाम (23 ऑक्टोबर 2024)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मेहुण्यांनी तिथले नागरिकत्व घेतलेले आहे, त्यामुळे त्यांना नको म्हणून कळवले आहे. मांडवाचे बिल आणि जाहिरात दोन्ही सोडून दिले. आता एकच विचारायचे आहे. कंपनीतून 1 लाख 80 हजार दिले आणि उरलेले 1 लाख 20 हजार आम्ही तिघांनी वैयक्तिक खात्यातून प्रत्येकी 40 हजार दिले, तर ते मर्यादा चुकवल्यासारखे होईल का? आणि त्यावर आयकरात सवलत मिळते का?

ताळेबंद (24 ऑक्टोबर 2024)

पैसे खरोखर आपले असतील, म्हणजे आपण घेतलेल्या पगारातले किंवा बचतीतले असतील, तर त्यात मर्यादा चुकवण्याचा प्रश्न येत नाही. मात्र कंपनीने आपल्याला ‘उचल’ म्हणून 40 हजार द्यायचे, आपण ते पक्षाला द्यायचे आणि वर्षअखेरीस ती उचल खर्ची टाकायची, असे केल्यास ती अप्रत्यक्षपणे कंपनीचीच देणगी होईल. कलम 182 मध्ये प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष असे दोन्ही शब्द मुद्दाम घातलेले आहेत.

आयकराची वजावट 1961 च्या आयकर कायद्यातील कलम 80जीजीसी खाली मिळते, परंतु नोंदणीकृत पक्षाला किंवा निवडणूक न्यासाला (देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थेला) रोखीशिवाय दिलेल्या रकमेवरच. उमेदवाराच्या खात्यात दिलेल्या रकमेवर ती मिळत नाही आणि नवीन करप्रणाली निवडलेल्यांनाही नाही. कंपनीसाठी 80जीजीबी हे कलम आहे आणि कंपनीने 22 टक्क्यांच्या सवलतीच्या दराचा पर्याय घेतला असेल तर तीही वजावट जाते, तेव्हा ठराव करण्यापूर्वी हे पाहून घ्यावे. प्रत्येकी 40 हजार म्हणजे वर्षाला 20 हजारांच्या वर, त्यामुळे पक्षाला निवडणूक आयोगाकडे द्यायच्या अहवालात आपल्या तिघांची आणि कंपनीची नावे लिहावी लागतील. ती जाहीर होतात, हे घरात सर्वांना आधी सांगून ठेवा.

पक्षाकडून पॅन क्रमांक छापलेली पावती रक्कम जमा झाल्याबरोबर मागून घ्या. मतदानानंतर कार्यालये आवरली जातात आणि मार्चमध्ये पावतीसाठी फोन केला तर उचलणारे कोणी सापडत नाही.