विंडोज सोडून लिनक्स मिंट: आधी काय बसवावे?

फोंड्याहून प्रश्न: विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने मी जुन्या संगणकावर लिनक्स मिंट ही मोफत संगणकप्रणाली बसवणार आहे. आमच्या भजनी मंडळाच्या मराठी कागदपत्रांसाठी कोणती सॉफ्टवेअर आवश्यक आहेत?

डिचोलीहून उत्तर: लिबरऑफिस (कागदपत्रे लिहिण्याचे सॉफ्टवेअर) आणि फायरफॉक्स (ब्राउझर) मिंटसोबतच येतात, मराठी टंकनासाठी मात्र आयबस व एम१७एन ही भारतीय भाषांच्या टंकनाची साधने बसवून इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाणित कळफलक निवडावा. युनिकोड (सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच ओळखली जावीत यासाठीची प्रमाण पद्धत) येण्यापूर्वीच्या फॉन्टमधील जुना मजकूर, तो फॉन्ट नसल्यास, अगम्य दिसतो, म्हणून विंडोज पुसण्यापूर्वीच त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. काम कंटाळवाणे आहे, पण टाळण्याजोगे नाही.

पेडण्याहून उत्तर: टाइमशिफ्ट, म्हणजे बिघाड झाल्यास संगणक पूर्वस्थितीत आणणारे मिंटमधील साधन, अवश्य चालू करावे. तथापि ते मूलतः प्रणालीच्याच फायली जपते, त्यामुळे मंडळाच्या कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर स्वतंत्रपणे ठेवावी.

फोंड्याहून: आभार. रूपांतरापासूनच सुरुवात करतो.