मदत हवी आहे: दीर म्हणतो, ‘तत्त्व म्हणून’ कर भरणार नाही

माझा धाकटा दीर आर्किटेक्ट आहे, स्वतःची प्रॅक्टिस. तीन वर्षं रिटर्न भरलेलं नाही. विचारलं की, "वहिनी, आधी रस्त्यातले खड्डे बुजवू देत, मग कर मागू देत." रस्ता महापालिकेचा, आयकर केंद्राचा, हे सांगून माझं तोंड दुखलं.

वर १९२८च्या बार्डोलीचा दाखला! अहो, त्या शेतकऱ्यांनी वाढीव शेतसारा उघडपणे नाकारला आणि जमिनी, गुरं जप्त होताना सोसली. हा नोटीस आली की पाकीट न फोडता ड्रॉवरमध्ये टाकतो.

गंमत म्हणजे मोठे क्लायंट फीमधून १०% टीडीएस कापूनच घेतात. म्हणजे कर जातोच आहे, आणि एखाद्या वर्षी परतावा निघत असेल तर तोही बुडतोय. बाकी रकमेवर दरमहा १% व्याज चढतंय ते वेगळंच.

सासूबाईंच्या जिवाला घोर लागलाय. वाद घातला की तो आणखी हट्टाला पेटतो. तुमच्या घरात किंवा सीए म्हणून कामात असा माणूस भेटलाय का? त्याला कशाने पटलं? आणि तो तयार होईपर्यंत त्या नोटिशींचं आम्ही काही करू शकतो का?