‘रानी’ला ‘पाणी’ जुळत नाही म्हणे!

इतवारीकर: काल एका पोस्टमध्ये माझ्या चार ओळींचं पोस्टमॉर्टम झालं. पहिल्याच अक्षराला वृत्त मोडलं आणि यमकही चुकलं म्हणे. ओळी या:

उन्हाच्या झळा तापल्या रोज रानी
कुठे शोधशी पाखरा गार पाणी
जरा थांब, ये अंगणी सावलीला
भरूनी तुला ठेवला माठ ओला

भुजंगप्रयात वृत्त आहे. लगागा, म्हणजे एक लघु नि दोन गुरू, असं चारदा; ओळीत 12 अक्षरं. ‘मनाचे श्लोक’ म्हणत वाढलेल्यांना हेही सांगावं लागतं? आक्षेप काय, तर ‘न्हा’ जोडाक्षर, म्हणून ‘उ’ गुरू. अहो, आघात पडतो का त्या ‘उ’वर? मोठ्याने म्हणून पाहा. ‘तुझ्या’तला ‘तु’ लघु, तसाच हा. ‘तापल्या’तल्या ‘प’चंही तेच. नियम तोंडपाठ, कान बंद!

निवृत्त मास्तर: पोस्ट माझी. ‘उ’चं मान्य, तुमचे कान थोर. पण न आणि ण एक कधी झाले?

धंतोलीची: सर, आमच्याकडे ‘पानी’च म्हणतात. आजीच्या ओव्यांत कधी यमक अडलं नाही.

निवृत्त मास्तर: मग लिहा ‘पानी’! बोलायचं एक, छापायचं एक, आणि सोयीने यमक.

धंतोलीची: लिहिलं होतं, नववीत. बाईंनी लाल गोल करून वही वर्गभर फिरवली. तेव्हापासून लिहिते ‘पाणी’, म्हणते ‘पानी’. आता त्यातही चूक काढून राहिले तुम्ही.

महालवाला: शुद्ध म्हणजे पुण्याचं, हे ठरवलं कोणी?

निवृत्त मास्तर: पुण्याचा काय संबंध? जन्म इथे नागपुरात, सक्करदऱ्यात गेला माझा.

महालवाला: अन् कान डेक्कनवर!

निवृत्त मास्तर: तोंड सांभाळून बोला. तुमच्याएवढी मुलं शिकवून झालीत माझी.

धंतोलीची: तेच तर. लाल पेन तुमच्याच हातात होता ना?

गझलवेडा: भांडा बाप्पा. पण खालच्या दोन ओळी कोणी पाहिल्या का? ‘सावलीला’ आणि ‘ओला’. जुळतो फक्त ‘ला’, त्याआधी एकीकडे ई, दुसरीकडे ओ. रेशीमबागेत सुरेश भटांच्या नावाचं सभागृह आहे, अन् इथे अलामतीची, म्हणजे गझलेच्या यमकात कायम राहणाऱ्या स्वराची, कोणाला फिकीर नाही. त्यापुढे न-ण काहीच नाही.

इतवारीकर: ही गझल नाही.

गझलवेडा: नसू दे. कानाची कसोटी तुम्हीच लावली. म्हणा मोठ्याने.

इतवारीकर: म्हटलं. लंगडतं जरा. पण माठ बाहेरून ओला राहतो म्हणूनच पाणी गार होतं, तो शब्द यमकापायी काढणार नाही.

गझलवेडा: मग तिसरी ओळ बदला. मे संपायच्या आत.