मदत हवी आहे : सुदानमधील विस्थापितांसाठी जमवलेला निधी पाठवायचा कसा?

कोरडवाहू :
नमस्कार. आमच्या अभ्यासगटाने सुदानमधील युद्धग्रस्तांसाठी वर्गणी जमवली, परंतु ती तिकडे पाठवण्याचा अर्ज बँकेने परत केला. कारण विचारले असता ‘नियमात बसत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. १५ एप्रिल २०२३ पासून तिथले लष्कर आणि शीघ्र मदत दल ही निमलष्करी सेना एकमेकांशी लढत आहेत, एक कोटीहून अधिक माणसे घरदार सोडून बाहेर पडली आहेत आणि आम्ही इथे शिक्क्यांसाठी खेटे घालत आहोत. पैसे लवकर आणि थेट विस्थापितांच्या हाती पडतील असा मार्ग कोणी सांगेल काय? शिवाय, शांततेच्या प्रयत्नांना बळ देण्यासाठी सामान्य नागरिकाला काय करता येते, हेही कळले तर बरे होईल. ‘आधी आपल्या देशातले पाहा’ हा सल्ला कृपया देऊ नये.

ताळेबंद :
आपण जे लिहिले आहे त्यावरून काहीच सांगता येत नाही. पैसे कोणाच्या खात्यात आहेत, व्यक्तीच्या की संस्थेच्या? घेणारे कोण आहेत? रक्कम साधारण किती? आणि विस्थापित म्हणजे सुदानच्या आत राहिलेले, की सीमा ओलांडून चाडमध्ये गेलेले?

पिंपळपान :
यात परदेशी देणग्यांचा कायदा आडवा येत असणार. आमच्या संस्थेला त्याखालील नोंदणीसाठी फार त्रास झाला होता. आधी ती नोंदणी करून घ्या, म्हणजे प्रश्न सुटेल.

ताळेबंद :
पिंपळपान, तो कायदा परदेशातून येणाऱ्या देणग्या स्वीकारण्यासंबंधी आहे. इथे पैसे बाहेर जायचे आहेत. धागाकर्त्याला भलत्या दाराशी उभे करू नये.

सह्यकडा :
दक्षिण सुदानमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय सैनिक आहेत. त्यांच्यामार्फत औषधे पोहोचवता येतील का, याची चौकशी करावी.

कोरडवाहू :
मी सुदान लिहिले आहे, दक्षिण सुदान नव्हे. तो देश ९ जुलै २०११ रोजीच वेगळा झाला. ताळेबंद, पैसे आमच्या नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात आहेत. रक्कम दहा लाखांच्या बरीच खाली आहे. खार्तूमला लागून असलेल्या ओमदुरमान शहरात सामुदायिक स्वयंपाकघर चालवणाऱ्या एका स्वयंसेवकाचा खातेक्रमांक समाजमाध्यमावरून मिळाला आहे, त्या खात्यावर पाठवायचे होते. यात गैर काय आहे?

ताळेबंद :
म्हणजे अडचण सुदानची नसून आपल्या खात्याची आहे. रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना केवळ व्यक्तींसाठी आहे. तीत एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि देणगीही त्यात बसते. न्यासाला ही योजना लागू नाही. त्यातच धर्मादाय न्यासाने आपले उत्पन्न भारताबाहेर खर्च केले, तर प्रत्यक्ष कर मंडळाच्या मंजुरीशिवाय त्या खर्चावर करसवलत मिळत नाही. आणि युद्धग्रस्त देशातील एका अनोळखी व्यक्तीच्या खात्यावर न्यास पैसे पाठवू पाहतो, हे दिसल्यावर कोणतीही बँक हात आखडता घेणारच. विश्वस्तांनी ठराव करून वर्गणी ज्याची त्याला परत करावी आणि प्रत्येकाने स्वतःच्या नावाने देणगी द्यावी. करसवलतीच्या पावत्या फाडल्या असतील, तर मात्र लेखापरीक्षकाला विचारल्यावाचून एक पैसाही हलवू नये.

दूरचा दिवा :
नियम झाले, आता देणगी कोणाला द्यावी ते सांगतो. मी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला देतो आणि तेच योग्य समजतो. सीमेवरच्या आद्रे येथून चाडमध्ये शिरलेल्या, पश्चिम सुदानातील दारफूर प्रांताच्या लोकांना तंबू, पाणी आणि नोंदणीचे कागद देण्याचे काम कोणा एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नाही. समाजमाध्यमावरून मिळालेला खातेक्रमांक म्हणजे फसवणुकीला आमंत्रण आहे.

नफीर :
खातेक्रमांकाविषयी सहमत, बाकी मुळीच नाही. चाडमध्ये पोहोचलेल्यांना तंबू मिळतील, पण वेढ्यात अडकलेल्यांचे काय? दारफूरमधील अल-फाशर शहर वर्षाहून अधिक काळ वेढलेले होते आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते शीघ्र मदत दलाच्या ताब्यात गेले. शेजारच्या झमझम छावणीत ऑगस्ट २०२४ मध्येच दुष्काळ जाहीर झाला होता. अशा ठिकाणी ट्रकांचे ताफे अडतात, तेव्हा गल्लीतली तरुण मुले चूल पेटवतात. या चुलींना तिकडे ‘तकाया’ म्हणतात. त्या चालवणाऱ्या ‘इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स’ या स्थानिक स्वयंसेवकांच्या गटांची मुळे २०१८-१९ च्या सरकारविरोधी आंदोलनातील प्रतिकार समित्यांत आहेत. पैसा मोबाइलवरच्या ‘बंकक’ या ॲपने फिरतो, इंटरनेट बंद पडले की उपग्रहावरचे जोडणी-यंत्र शोधावे लागते, तरीही शिजते. २०२५ च्या आरंभी अमेरिकेची मदत गोठली तेव्हा यांतील शेकडो चुली विझल्या. त्याच वर्षी या गटांना मानवी हक्कांसाठीचा नॉर्वेचा राफ्टो पुरस्कार मिळाला, यातच काय ते समजावे.

दूरचा दिवा :
पुरस्काराने हिशेब तपासले जात नाहीत.

नफीर :
मोठ्या संस्थांचा किती पैसा कार्यालये आणि वाहनांवर जातो, तोही हिशेब मांडावा. अर्थात, अनोळखी खात्यावर पाठवा असे माझेही म्हणणे नाही. या गटांना रोख निधी देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्था आहेत. त्यांच्यामार्फत दिल्यास दोन्ही बाजू सांभाळल्या जातात.

उलटतपासणी :
कोणीच विचारत नाही, म्हणून विचारतो : मदतीमुळे युद्ध लांबत तर नाही ना? तेव्हाच्या यादवी युद्धात, १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन लाइफलाइन सुदान’ या संयुक्त राष्ट्रांच्या मदतमोहिमेत विमाने कुठे उतरतील हे खार्तूमचे सरकार ठरवत असे, आणि उतरलेल्या धान्यातला वाटा सशस्त्र गट उचलत, अशी टीका त्या काळी झाली होती. पैसे देण्याआधी याचा विचार व्हावा.

नफीर :
विचार जरूर व्हावा, पण त्याच देशातले उलट उदाहरणही आहे. १९९५ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या नारू रोगाच्या निर्मूलनासाठी त्याच यादवी युद्धातील दोन्ही बाजूंना शस्त्रे खाली ठेवायला लावली आणि ती शस्त्रसंधी जवळपास सहा महिने टिकली. राजकीय बोलणी जिथे अडली होती, तिथे पाण्याच्या गाळण्यांनी वाट काढली. धान्य लुटले जाते म्हणून धान्यच थांबवले, तर आधी उपाशी मरतो तो निःशस्त्र माणूस.

सह्यकडा :
आम्ही कपडे गोळा करू शकतो. जहाजाने पोर्ट सुदानला पाठवता येतील काय?

ताळेबंद :
नको. वाहतूक, जकात आणि गोदामाचा खर्च कपड्यांच्या किमतीहून जास्त होईल आणि पोर्ट सुदानपासून दारफूर म्हणजे देशाचे दुसरे टोक.

कोरडवाहू :
कपड्यांविषयी मी काहीही विचारलेले नाही. पैशांचा मार्ग कळला, पण शांततेचा प्रश्न सर्वांनी सोडून दिला आहे.

उलटतपासणी :
कारण त्याचे उत्तर अवघड आहे. मे २०२३ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे दोन्ही बाजूंनी नागरिकांच्या रक्षणाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि लढाई चालूच राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिका, सौदी अरेबिया, इजिप्त आणि संयुक्त अरब अमिराती यांनी तीन महिन्यांच्या मानवतावादी युद्धविरामाचा प्रस्ताव मांडला. यांतील अमिरातींवरच शीघ्र मदत दलाला शस्त्रे पुरवल्याचा आरोप आहे, आणि त्या तो नाकारतात. संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी आजही फक्त दारफूरपुरती आहे. ती संपूर्ण सुदानला लागू व्हावी, यासाठी भारताने आवाज उठवावा, असे पत्र आपल्या खासदाराला लिहिता येईल. सुदानचे सोने मोठ्या प्रमाणावर दुबईच्या बाजारात जाते आणि त्यावर दोन्ही बाजू पोसल्या जातात. म्हणून त्या पत्रात सोन्याचाही उल्लेख असावा. एका पत्राने काही हलेल असे मला वाटत नाही, तरीही मी लिहिणार आहे.

दूरचा दिवा :
बोलण्यांच्या टेबलावर बंदूकधारीच बसतात, हीही अडचण आहे. तिथल्या महिला संघटनांना आणि नागरी गटांना त्या चर्चेत जागा मिळावी, ही मागणीही त्याच पत्रात घालावी. निदान एवढ्यावर तरी माझे आणि नफीर यांचे जमेल.

नफीर :
जमेल.

कोरडवाहू :
ठीक आहे. पुढच्या बैठकीत ठराव मांडतो. शेवटचा प्रश्न : काही ज्येष्ठ सभासदांकडे परदेशी व्यवहार चालणारे कार्ड नाही आणि त्यांना ते घ्यायचेही नाही. त्यांनी काय करावे?

ताळेबंद :
ज्या शाखेत त्यांचे बचत खाते आहे तिथे जाऊन परदेशी रक्कम पाठवण्याचा ‘ए-२’ अर्ज भरावा, पॅन द्यावा आणि कारणाच्या रकान्यात देणगी असे स्पष्ट लिहावे. संस्थेच्या बँकेचा स्विफ्ट कोड आणि देणगी मागणारे अधिकृत पत्र सोबत न्यावे. प्रत्येक हस्तांतरणाला वेगळे शुल्क लागते, तेव्हा हप्त्याहप्त्याने न पाठवता एकदाच पाठवावे. आणि पावत्यांचे काय झाले, ते आपण अजून सांगितलेले नाही.