सकाळचा एक आकडा पुरत नाही

कुणी म्हणतं की सकाळी आठच्या तपासणीत कॉर्टिसॉल (ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक) जास्त आला म्हणजे मेंदूच्या पेशी झिजतायत. तसं नाही. सकाळी तो जास्तच हवा. उठल्यावर ३०-४५ मिनिटं तो आणखी चढतो, मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातो आणि दिवसभर साधारण तासातासाने त्याच्या लाटा येतात.

पेशींना महत्त्व या लाटांचं. हिपोकॅम्पस या मेंदूच्या आठवणींच्या भागात कॉर्टिसॉल पकडणारी दोन प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर, असतात; त्यातला मिनरलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर कॉर्टिसॉलला दुसऱ्यापेक्षा सुमारे १० पट घट्ट धरतो, म्हणून तळालाही बराचसा भरलेला असतो. दुसरा, ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर, लाट चढली की भरतो, ओसरली की रिकामा होतो. उंदरांमध्ये तर स्पष्ट दिसलंय: शिकल्यावर कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) पेशींचे नवे जोड फुटायला शिखर लागतं, ते टिकायला तळ. तळ हरवला की जोड गळतात.

म्हणून गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यांत किंवा पणजीच्या कॅसिनोंत रात्रपाळी करणाऱ्यांनी झोपण्या-उठण्याच्या वेळा लॅबला लिहून द्याव्यात; तळ पाहायला रात्री ११ ला घेतलेला लाळेचा नमुना त्यांच्या बाबतीत फसवा ठरतो. आणि हायड्रोकॉर्टिसोनचं (म्हणजे कॉर्टिसॉलचंच) मलम लावलेल्या हाताने लाळ टिपायचा बोळा धरू नका, आकडा खोटा चढतो.