उत्तर: एटीआरची पट्टी चढू देऊ नका

फ्लाइट सिम्युलेटरसाठी (कॉम्प्युटरवर विमान उडवायचा खेळ) विमानाचे आवाज बनवताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा, पुढे ढकलला की आवाजाची पट्टी चढलीच पाहिजे, नाहीतर खोटं वाटतं, असं एकाने या चर्चेत लिहिलंय. सेस्ना 172 या छोट्या विमानासाठी कबूल. तिथे पंख्याच्या पात्यांचा कोन पक्का असतो. एटीआर 72-500 या पंख्यांच्या प्रवासी विमानाचं तसं नाही. पात्यांचा कोन बदलून गव्हर्नर नावाचं यंत्र पंख्याचे फेरे ठरलेल्या आकड्यावर धरून ठेवतो: टेकऑफला मिनिटाला 1200, नंतर क्रूझला, म्हणजे उंचीवर स्थिर उडताना, त्याच्या 82 टक्के. पाती सहा, म्हणजे घरघर 120 हर्ट्झवरून साधारण 98 वर येते. आमच्या घरी पेटी आहे म्हणून लावून बघितलं, तर ही दुसरी घरघर खर्जातल्या पांढरी पाचवर बरोबर बसते.

मीपण आधी तीच चूक केली होती. उजळाईवाडीजवळ (कोल्हापूरचा विमानतळ) मित्राच्या गच्चीवरून मोबाइलवर टेकऑफ रेकॉर्ड केला (मधे एका रिक्षाचा हॉर्न, तो अजून फाइलमध्ये आहे!) आणि सिमच्या साउंड.सीएफजी या आवाजाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये प्रॉपच्या (पंख्याच्या) विभागात तो घालून आरपॅराम्सचा, म्हणजे पट्टी ठरवणाऱ्या आकड्यांचा, उतार मनाला येईल तसा ताणला. विमान मिक्सरसारखं किंचाळायला लागलं. आता प्रॉपचा आरपॅराम्स जवळजवळ सपाट ठेवलाय, चढउतार सगळा व्हीपॅराम्समधून, म्हणजे फक्त आवाज लहानमोठा. हे एफएसएक्सपुरतं, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सपुरतं. नव्या मायक्रोसॉफ्ट सिममध्ये आवाज वाइज नावाच्या सॉफ्टवेअरमधून बांधावे लागतात, नुसती वेव्ह फाइल बदलून भागत नाही. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून निकाल देऊ नका राव, 98 हर्ट्झ त्यातून नीट येतच नाही.